शून्य रेखांशावरचा भोपळा

उज्जैनमध्ये कोणाला वेळ विचारू नये. उत्तर एक मिळत नाही. गाव महाकालाचं, म्हणजे काळाच्या मालकाचंच. जगानं 1884 मध्ये ग्रीनिचवर शिक्का मारला, त्याच्या कितीतरी शतकं आधीपासून आपले ज्योतिर्विद शून्य रेखांश उज्जैनवरून नेत आणि पुढचं सगळं गणित तिथून मांडत. अठराव्या शतकात सवाई जयसिंगांनी इथं वेधशाळा बांधली. जीवाजी वेधशाळा या नावानं ती अजून उभी आहे आणि तिथली यंत्रं अजून वेळ दाखवतात. 29 फेब्रुवारी 2024 ला त्या परिसरात वैदिक घड्याळही सुरू झालं. ते एका सूर्योदयापासून दुसऱ्या सूर्योदयापर्यंत 30 मुहूर्त मोजतं, एकेक मुहूर्त 48 मिनिटांचा. शिवाय घरटी एक पंचांग आणि गल्लीगणिक एक ज्योतिषी. एवढा सगळा बंदोबस्त असलेल्या या गावात मेथी मात्र वेळेवर येत नाही.

हे ज्ञान आमच्या घरात यंदा आलं. सासरे, म्हणजे अप्पा, निवृत्त होऊन घरी बसले आणि त्यांची नजर मागच्या परसावर पडली. तिथं तोवर एक तुळस, एक कढीपत्ता, धुण्याचा दगड आणि मोडका कूलर गुण्यागोविंदानं नांदत होते. बाजारच्या भाजीवर काय काय फवारतात हे अप्पांना फोनवर रोज सकाळी कळत होतं. त्यांनी जाहीर केलं, "यापुढे घरची भाजी." आई, म्हणजे सासूबाई, म्हणाल्या, "निवडायची कोणी ते आधी ठरवा." पण घोषणा होऊन गेली होती.

पेरणी कधी करायची हा प्रश्नच नव्हता. मृग लागला की. आमच्यासारखी मराठी घरं इथं आली ती शिंद्यांच्या मागोमाग. राणोजी शिंदे सातारा भागातल्या कण्हेरखेडचे. त्यांनी माळव्यात बस्तान बसवलं, उज्जैन शिंद्यांची राजधानी झाली आणि 1810 मध्ये दौलतराव शिंद्यांनी ती ग्वाल्हेरला हलवली. दरबार गेला, आम्ही राहिलो आणि आमच्याबरोबर राहिलं साताऱ्याचं मृग नक्षत्र. ते सात-आठ जूनला लागतं. साताऱ्याकडे तेव्हा आभाळ भरून येतं. माळव्यात पाऊस येतो जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात, तोही मनात आलं तर. साताऱ्याहून इथवर यायला मान्सूनला दोनेक आठवडे लागतात, हे मराठी माणसाला तीनशे वर्षांत पटलेलं नाही.

त्या दिवसांत माळव्याची काळी माती काय चीज असते ते कुदळ मारल्याशिवाय कळत नाही. मारलेली कुदळ टणकन उडून मारणाऱ्याकडेच बघते. जमिनीला भेगा अशा पडतात की नवऱ्याच्या हातून निसटलेलं खुरपं एका भेगेत गेलं आणि सांडशीनं काढावं लागलं. तरीही अप्पांनी मुहूर्तावर भेंडी आणि गवार पेरली. भेंडीचं बी रात्रभर भिजवलं होतं, वर बादलीनं पाणी घातलं होतं. चार-पाच दिवसांत कोंब आले. शेजाऱ्यांना बोलावून दाखवण्यात आले.

आता एक भौगोलिक अडचण सांगते. कर्कवृत्त आमच्या उशाशीच आहे. 21 जूनला दुपारी 12 वाजून 28 मिनिटांनी वेधशाळेतल्या शंकुयंत्राची सावली नाहीशी होते आणि ते बघायला लोक मुलांना घेऊन जातात. आमच्याकडे त्याच आठवड्यात, त्याच उन्हात भेंडीही नाहीशी झाली. सावली थोड्या वेळानं परत आली.

दूधवाले भिया रोज सकाळी येतात. त्यांच्या गावी सोयाबीन असतं. किटलीतून दूध ओतता ओतता त्यांनी परसाकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, "बाऊजी, पानी गिरने दो, फिर डालना." सगळ्या हंगामात कामाचं म्हणावं असं वाक्य हेच. पण ते दूधवाल्यानं, फुकट आणि सहा शब्दांत सांगितल्यामुळे कोणी मनावर घेतलं नाही.

अप्पांनी ग्रंथाचा आधार घेतला. वराहमिहिर आपल्याच जिल्ह्यातला, कायथ्याचा, असं मानतात. सहाव्या शतकातला हा माणूस ग्रहणापासून पावसापर्यंत सगळ्यावर लिहून गेला आणि त्याच्या बृहत्संहितेत वृक्षायुर्वेदावर स्वतंत्र अध्याय आहे. अप्पा तो दुपारच्या चहाला मोठ्यानं वाचू लागले. त्यात म्हटलंय की, दोन झाडांत वीस हातांचं अंतर असेल तर उत्तम, सोळा असेल तर मध्यम आणि बारा म्हणजे कनिष्ठ. नवऱ्यानं हातानं परस मोजलं. उत्तम मापानं आमच्या परसात एक झाड बसत होतं आणि ती जागा कढीपत्त्यानं आधीच घेतली होती.

पुढे खताची कृती आली. शेळ्या-मेंढ्यांच्या लेंड्यांची पूड, तीळ, सातू, पाणी आणि आणखी एक पदार्थ, जो अप्पांनी वाचताना गाळला आणि चष्मा पुसला. हे सगळं एकत्र करून सात रात्री ठेवायचं. फळ धरत नसेल तर कुळीथ, उडीद, मूग, तीळ आणि जव घालून दूध उकळायचं आणि गार करून झाडाला घालायचं. आई आतून म्हणाल्या, "एवढं मला दिलंत तर मीच मांडवावर चढेन." पाऊस कधी येणार याचंही उत्तर त्या ग्रंथात आहे. मेघाला गर्भ राहिला की 195 दिवसांनी तो बरसतो. अप्पांनी मागे मोजत मोजत डिसेंबर गाठला. तेव्हाचं आभाळ कसं होतं ते घरात कोणालाच आठवेना. माझ्या लक्षात एवढंच होतं की तेव्हा आम्ही बाजारातून वाटाणे आणून सोलत होतो.

ग्रंथ झाला, मग पुण्याहून आत्यांचा फोन. नवऱ्याची ही आत्या गच्चीत कुंड्या लावते आणि मातीला हात लावत नाही. ती पालापाचोळ्यातच सगळं पिकवते. तिनं श्री. अ. दाभोलकरांचं नाव काढलं. कोल्हापूरच्या या गणिताच्या प्राध्यापकानं शेतकऱ्यांचा प्रयोग परिवार उभा केला आणि दहा गुंठ्यांत पाच माणसांचं कुटुंब नीट जगू शकतं असं हिशेबानिशी मांडलं. गणित म्हटल्यावर नवऱ्याच्या अंगात उत्साह आला. आमचं परस जेमतेम अर्धा गुंठा. त्रैराशिक केलं तर उत्तर आलं, पाव माणूस. हा पाव माणूस घरातला कोणता, यावर रात्रीचं जेवण पार पडलं. अप्पांना रात्री पालेभाजी सोसत नाही म्हणून त्यांचं नाव पुढे आलं होतं. ते रागावून दोन पोळ्या जास्त जेवले.

दरम्यान पाऊस आला. आला तो असा की भेगा मिटल्या, माती फुगली आणि परसात गेलेला माणूस दोन इंच उंच होऊन परत येऊ लागला. काळ्या मातीची ही दुसरी तऱ्हा. उन्हाळ्यात ती कुदळ आत घेत नाही, पावसाळ्यात पाणी बाहेर सोडत नाही. सपाट वाफ्यातल्या मिरचीच्या मुळाशी पाणी साचलं आणि रोपांनी माना टाकल्या. मग गादीवाफे केले, मातीत वाळू आणि शेणखत मिसळलं. भियांनी इथंही एक कानमंत्र दिला. त्याचा मराठी अर्थ असा, की दूध ताजं घ्यावं आणि शेण जुनं. ताज्या शेणानं मुळं होरपळतात आणि हुमणीला आयतं घर मिळतं.

उज्जैनमध्ये सल्ला मागावा लागत नाही. कुंपण बुटकं असलं की पुरतं. भेंडीच्या नव्या पेरणीची पानं शिरांशिरांनी पिवळी पडू लागली, तेव्हा शेजारच्या भाभींनी राख टाकायला सांगितली. समोरच्या काकांनी आंबट ताक सांगितलं. कोपऱ्यावरच्या ज्योतिषांनी पान उजेडात धरून पाहिलं आणि "गुरू बिघडलाय, पिवळा रंग त्याचाच" असं निदान केलं. तो होता हळद्या रोग. पांढरी माशी तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेते आणि एकदा लागला की झाड उपटण्याखेरीज इलाज नसतो. राख, ताक आणि गुरू हे तिन्ही उपाय एकाच दिवशी झाले. पांढऱ्या माशीला ताक आवडलं असावं.

आता वांग्याची गोष्ट सांगायलाच हवी, कारण आमच्या परसात सगळ्यात छान आली ती वांगी. रोपं जुलैत लावली आणि सप्टेंबरात झाडं जांभळ्या फळांनी वाकली. चकचकीत, काटेरी देठाची, भरून करावीत अशी. फक्त आमच्या घरात चातुर्मास पाळतात. कुलदैवत खंडोबा. कांदेनवमीला शेवटची कांद्याची भजी आणि वांग्याचं भरीत खायचं, मग थेट मार्गशीर्षातल्या चंपाषष्ठीपर्यंत कांदा, लसूण आणि वांगं बंद. म्हणजे वांग्याचा हंगाम सुरू होतो त्याच्या आधी आमचा संपतो. कृषिशास्त्र आणि कुळधर्म यांची गाठ इतक्या वर्षांत पडली नव्हती, कारण वांगी आजवर ठेल्यावरून यायची आणि ठेला चातुर्मास पाळत नाही.

त्यात उज्जैनला श्रावणही दोन. इथला महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. त्यामुळे इकडचा श्रावण आपल्यापेक्षा पंधरा दिवस आधी लागतो. महाकालाची सवारी इथल्या श्रावणातल्या सोमवारी तर निघतेच, पण पुढे भाद्रपदाच्या पहिल्या पंधरवड्यातही निघते. आपल्या पंचांगानं तो श्रावणच असतो आणि ही शिंदेशाहीची खूण असल्याचं जुनी माणसं सांगतात. देवानं दोन्ही पंचांगं सांभाळली, मग आईंनी का सांभाळू नयेत? त्या दोन्हींचे सोमवार धरतात. परसात भाजी जोरात आणि घरात खिचडी जोरात, असा दीड महिना गेला.

वांगी अर्थातच शेजारी गेली. भाभी खूश झाल्या. आपल्याकडे आणि त्यांच्याकडेही एक रीत सारखी आहे, आलेलं भांडं रिकामं परत पाठवायचं नाही. दुसऱ्या दिवशी आमचा डबा परत आला तो बैंगन के भर्त्यानं भरून, वर लसणाची फोडणी. डब्याचं झाकण उघडलं आणि घरभर वास सुटला. अप्पा देवघरातून म्हणाले, "झाकण लावा." मग हळूच म्हणाले, "पण टाकू नका." नवऱ्यानं तो डबा ऑफिसात नेला. चंपाषष्ठी उजाडेपर्यंत झाडांमध्ये शेंडा आणि फळ पोखरणाऱ्या अळीनं संसार थाटला होता. नैवेद्याच्या भरताची वांगी आम्ही ठेल्यावरून आणली, चांगल्या चढ्या भावानं.

ठेलेवाल्याचंही एक कळलं. आमची घोसाळी मांडवावरून लोंबायला लागली त्याच आठवड्यात त्याच्या ठेल्यावर गिलकीचे ढीग लागले आणि भाव उतरला. घोसाळं आपल्या घरी पिकतं तेव्हा ते जगात सगळीकडेच पिकलेलं असतं, ही गोष्ट अर्थशास्त्राच्या पुस्तकापेक्षा मांडवाखाली लवकर समजते. शिवाय पूर्वी भाजी घेतली की तो मूठभर कोथिंबीर आणि चार मिरच्या वरून टाकायचा. आता कुंपणाकडे बोट दाखवून म्हणतो, "आंटीजी, आपके यहाँ तो घर का है." घरचं नव्हतं. अप्पांनी धने अख्खे पेरले होते. धन्याचा एक दाणा म्हणजे दोन दाणे जोडून असतात, ते आधी रगडून वेगळे करायचे असतात. त्यातून सप्टेंबरच्या उकाड्यात कोथिंबीर उगवायला मुळी राजीच नसते. मेथीचंही तेच. भाद्रपदात पेरली ती कोवळी असतानाच एका सरीत कुजली. दुसरी पेरली ती वर आली, आणि ज्या दिवशी खुडायची ठरली त्या दिवशी सकाळी गाय आली. पहिली पोळी गायीची, ही आमच्या दारातली जुनी प्रथा. ती पोळीला येते तशी आली, फाटक लोटलेलं नव्हतं, पोळीच्या आधी मेथी संपवून गेली. या साऱ्या हंगामात वेळ अचूक पाळणारा जीव ती एकटीच.

आणि या धामधुमीत भोपळा आला. तो कोणी लावला नव्हता. भांडी धुतलेलं पाणी जातं त्या कोपऱ्यात, धुण्याच्या दगडामागे, टाकलेल्या बियांतून तो आपला आपण उगवला. कूलरवर चढला, तिथून भिंतीवर गेला आणि पिवळी फुलं काढून बसला. तेव्हा कुठे तो आमच्या दृष्टीस पडला आणि त्याच्या मागचं शुक्लकाष्ठ सुरू झालं.

भोपळ्याची पहिली फुलं नराची असतात. बारीक दांड्यावर ताठ उभी राहतात आणि दुपारपर्यंत मिटून जातात. मादीचं फूल उशिरा येतं. त्याच्या बुडाशी लिंबाएवढा भोपळा आधीच असतो, परागकण मिळाले तर तो वाढतो, नाही तर पिवळा पडून गळतो. आत्यांनी फोनवरून सांगितलं, की मधमाशीवर विसंबू नका, नराचं फूल तोडून पाकळ्या काढा आणि मादीच्या फुलात फिरवा. अट एकच, सकाळी लवकर, कारण फूल पहाटे उमलतं आणि दहाच्या आत मिटायला लागतं. घरात लग्नघर अवतरलं. वधू कधी उमलणार यावर लक्ष ठेवायला नवऱ्याला नेमलं. वर पाण्याच्या वाटीत सज्ज होता. नेमकं ती उमलली सोमवारी आणि सोमवारी साडेसात ते नऊ राहुकाळ. अप्पा वाटी हातात घेऊन परसात उभे. भाभी कुंपणावरून, "अंकलजी, मुरझा जाएगा." आई म्हणाल्या, "अहो, भोपळ्याला कसला राहुकाळ?" अप्पा म्हणाले, "शुभकार्य आहे."

मी तेवढ्यात कपडे वाळत घालायला गेले होते. भिंतीजवळ उभी असल्यामुळे मला फुलाच्या आतलं दिसत होतं. एक मधमाशी आली. नराच्या फुलातून निघाली होती, पाय पिवळेधम्मक झाले होते. मादीच्या फुलात डोकं खुपसून ती गोल गोल फिरली, मधला जाडसर भाग तिनं पायांनी चांगला तुडवला आणि उडून गेली. सगळा विधी पाव मुहूर्तात आटोपला. नऊ वाजता अप्पांनी पाकळ्या काढलेलं फूल समारंभपूर्वक फिरवलं, भाभींनी टाळ्या वाजवल्या आणि फूल मिटलं. भोपळा धरला. श्रेय कोणाचं ते मी कधी बोलले नाही, घरात सून म्हणून राहायचं आहे.

त्यानंतर नवरात्र आलं. घट बसवताना आईंनी परसातलीच काळी माती परडीत घेतली, गहू आणि ज्वारी पेरली, मधे कलश ठेवला, एक माळ सोडली. नवव्या दिवशी वीतभर दाट हिरवे अंकुर. तीच माती, तेच घर, तीच माणसं. फरक एवढाच की घटाला नऊ दिवस कोणी हात लावत नाही. कोंब आला का हे बघायला उकरत नाही. ताक घालत नाही. कुंपणावरून सल्ला देत नाही. आई रोज एक पळी पाणी घालतात आणि हात जोडतात. मराठी घरात वर्षातून एकदा बिनचूक शेती होते ती अशी, आणि तिला आपण शेती म्हणतच नाही. भोपळ्याचंही तेच झालं. आमच्या नजरेस पडला नव्हता तोवर त्यानं अर्धी भिंत काबीज केली होती.

माझं मत झालंय ते असं. भाजीला वेळ असते आणि ती ठरलेली असते, पण ती मुहूर्ताची नसते. ती ओलीची आणि थंडीची असते. कोजागरी होऊन माळव्याच्या रात्री गार पडू लागल्या, तेव्हा भियांनी हो म्हटल्यावर फेकलेली मेथी चौथ्या दिवशी वर आली. रगडून टाकलेल्या धन्यांनीही मग तक्रार केली नाही. दोन्ही वाफ्यांना या वेळी काटेरी कुंपण होतं आणि अप्पांना आत जायला मनाई होती.

तुमच्याकडे परस असेल तर पुढच्या वर्षी जरूर लावा. मृगाला बियाणं आणून ठेवा, पेरा मात्र दोन चांगले पाऊस झाल्यावर. वाफा उंच करा, शेणखत जुनं घ्या, धने रगडा, मेथीला ऑक्टोबरची थंडी दाखवा, फाटकाला कडी लावा. भोपळ्याच्या बिया कोपऱ्यात टाका आणि विसरून जा. आणि वांगी लावण्याआधी घरात चातुर्मास कोण कोण पाळतं, तेवढं विचारून घ्या.